मोकळ्या ट्रॉलीचा आवाज

१

"पिन काढ म्हणते न्हवं मी?"

"कारण सांग की."

"मी सांगते, हेच कारण."

"ह्याला कारण म्हणत न्हाईत, आये. ह्याला हट्ट म्हणत्यात."

"मग हट्ट म्हण. पण पिन काढ आणि ही ट्रॉली हितंच सोड."

प्रसेनजीत, माझा थोरला, ट्रॅक्टरच्या तोंडाला पाठ लावून उभा होता आणि मी त्याच्यापुढं डांबरी रस्त्यावर. उत्तूरच्या अलीकडचा चढ. ऊन कलायला लागलं होतं. जाणारे-येणारे मोटारसायकलवाले वेग कमी करून बघत होते. आमच्या जिल्ह्यात लोकांना दुसऱ्याचं भांडण मिसळीसारखं लागतं, आणि वरून कट मागतील अशी तोंडं करून बघतात. बघू देत.

"दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी येतीया," तो म्हणाला. "ऊस ओढायला दोन ट्रॉल्या लावतो म्हणून कारखान्याला लिवून दिलंय. एक घरात हाय, दुसरी ही. ही हितं सोडली तर ह्या साली बी हंगाम गेला माझा. मग काय करू? दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर डायवर म्हणून जाऊ?"

"जा."

"जा म्हणतीस?"

"म्हणते."

खरं तर तसं म्हणायचं नव्हतं. गेल्या साली त्याचा हंगाम बुडाला तेव्हा हा माणूस सगळा हिवाळा भिंतीकडं तोंड करून झोपला होता. त्याला उठवून जेवायला बसवणारी मीच. पण तोंडातनं गेलं ते गेलं. बोललेलं परत घ्यायला ते काय उसनं दिलेलं पीठ नव्हे.

२

ही सगळी कर्मकहाणी मोबाईलवरच्या एका फोटोनं झाली. लालभडक ट्रॉली, मागं केळीची बाग, कोपऱ्यात मालकाचा फेटा बांधलेला चेहरा. चेहरा कशाला? ट्रॉली विकायचीय की मालक? पण प्रसेनजीत फोटो बघून विरघळला. तो कशानंही विरघळतो. समोरच्यानं चहा पाजला की ह्याला घासाघीस करायची लाज वाटते. म्हणून मी म्हटलं, मी येणार.

हातकणंगल्याकडनं नेसरीच्या पुढं ट्रॅक्टरनं जायचं म्हणजे हाडांची फेरमोजणी. मडगार्डवर वाकळ घडी करून टाकली आणि बसले. बसायची ती जागा नव्हे हे मलाही ठाऊक आहे. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं, "आये, दुखतंय का?" मी म्हटलं, "न्हाय." दुखत होतं.

मालकाचं नाव गणपतराव. फेटा फक्त फोटोपुरता असावा, कारण घरी तो बनियनवर होता. दारात स्वागत झालं, "या पावणं, या अक्का, बसा की." चहा आला. घरच्या स्टीलच्या पेल्यातच आला. ते मी बघून घेते, तेवढी सवय सुटत नाही.

मग ट्रॉली बघितली.

फोटोतल्या ट्रॉलीचं आणि हिचं नातं एवढंच की दोघींना चाकं होती. आठ दिवसांपूर्वी गंज न खरवडता वर रंग फासलेला. नखानं ओरबाडलं की पापडी निघत होती. टायर घासून गुळगुळीत झाल्यावर वर नवं रबर चढवलेले. एका बाजूचा फाळका, म्हणजे बाजूची पत्र्याची भिंत, बिजागरी तुटल्यामुळं तारेनं बांधलेला. आणि ट्रॉली अंगणात नाही, गोठ्यात नाही, तर घरापासनं लांब, बांधाच्या पलीकडं एकटी उभी. चांगली वस्तू माणूस डोळ्यापुढं ठेवतो. मी म्हटलं, "ह्यापेक्षा आमच्या गावचं भंगार बरं." गणपतराव हसला. अपमान केल्यावर विकणारा माणूस हसतो तेव्हा समजावं की त्याला वस्तू घालवायचीय.

मी वर चढले. प्रसेनजीत खालनं "पडशील, पडशील" म्हणत राहिला. आत तळाचा पत्रा मधोमध तांबूस, गंजलेला. पण दोन्ही बाजूंना, फाळक्यांच्या कडेनं, पुढच्या टोकापासनं मागच्या टोकापर्यंत हातभर रुंदीचे दोन पट्टे होते. लखलखीत. एसटीतल्या बाकड्याची कड बसून बसून चकाकते, तसे.

उसानं पत्रा असा झिजत नाही. उसानं ओरखडे पडतात.

"हितं काय ठेवत होता?" मी विचारलं.

"काय न्हाय. माणसं बसायची."

"कुठली माणसं?"

"आपलीच की. जाणारी-येणारी." हे बोलताना त्यानं ट्रॉलीकडं बघितलं नाही.

मी मनात म्हटलं, भांगलणीच्या, म्हणजे शेतातलं तण काढणाऱ्या बायका नेत असतील. बायका नेणं काय गुन्हा आहे? फक्त एवढं आलं मनात, की भांगलणीच्या बायका कोंडाळं करून बसतात, घमेली मध्ये टाकून, पाय पसरून. अशा दोन रांगा करून, मधली जागा सोडून कुणी बसत नाही. मग तो विचार मी टाकून दिला. जुन्या पत्र्यावर विचार करायला मला वेळ नव्हता.

प्रसेनजीतला ती पसंत पडली. त्याला पसंत पडणारच होती. व्यवहार झाला.

३

पिन घालून ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली, आणि गणपतरावाची बायको झुंबरबाई धावत आली. हातात वाढ्याची पेंढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे बांधलेला भारा. तिनं तो ट्रॉलीच्या मधोमध टाकला.

"हे कशाला?" मी म्हटलं. "आमच्याकडं वाढं भरपूर हाय."

"असू द्या, अक्का. मोकळी न्हेऊ नगासा."

"का?"

"आमच्यात न्हेत न्हाईत. शेजारणीची वाटी परत देताना मोकळी देतो का आपण? चिमूटभर साखर घालतोच न्हवं? तसंच हे."

"वाटीत साखर घालायची ती माणुसकी. ट्रॉलीत वाढं घालायचं ते खूळ."

माझ्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक नदीला दिले. मी पोरवयाची होते, पण पाणी कसं उडालं ते अजून आठवतं. तेव्हापासनं आमच्या दाराला लिंबू नाही, गाडीला काळी बाहुली नाही, पोरांच्या गालाला तीट नाही. शाळेचं तोंड न बघता मी रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकले ते अशा बायकांकडनं अक्कल शिकायला नव्हे. गावात अंगारे वाटणारा एक देवऋषी यायचा, त्याला मी चपलेनं मारलाय. तो अजून आमच्या गल्लीनं जात नाही.

"घरात पोचेपतोर तरी राहू द्या," झुंबरबाई म्हणाली. आवाज विनवणीचा होता. मला विनवणीचा आवाज आवडत नाही.

मी गणपतरावाला विचारलं, "तुम्ही कधी मोकळी चालवली न्हाय काय?"

"चालवली की," तो म्हणाला. "एकदाच."

झुंबरबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं चहाचे उष्टे पेले उचलले आणि मोरीत जाऊन स्वतः विसळायला लागला. आयुष्यात मी पुष्कळ घरं बघितलीत. बायको समोर उभी असताना पेले विसळणारा साठीचा गणपतराव मी पहिल्यांदाच बघितला.

४

नेसरी मागं टाकली आणि मी ट्रॅक्टर थांबवायला लावला. ओढ्याकाठी एक म्हैस बांधली होती. मी खाली उतरले, मागचा फाळका खाली पाडला, काठीनं भारा ओढला आणि म्हशीपुढं टाकला.

"राहू दे की, आये," प्रसेनजीत म्हणाला. "काय खातंय ते तुझं?"

"डोकं खातंय."

म्हशीनं वाढं आनंदानं खाल्लं. म्हणजे वाढ्यात काही नव्हतं. म्हैस माणसापेक्षा शहाणी असते, तिनं खाताना इकडं-तिकडं बघितलंसुद्धा नाही. मी फाळका लावला आणि परत मडगार्डवर येऊन बसले.

आता उसाच्या मुलखाबाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगते. मोकळी ट्रॉली लांबनं ओळखू येते. फाळके आदळतात, साखळी वाजते, पिन हुकात नाचते, सगळं धूड उड्या मारत येतं. झोपलेली पोरं जागी होतात. भरली की तीच ट्रॉली मुकी होते, वजनानं खाली दबून सरळ चालते. आमच्याकडची आंधळी म्हातारीही अंथरुणावरनं सांगते, गेली ती मोकळी, गेली ती भरलेली.

गणपतरावाच्या दारापासनं ओढ्यापर्यंत आमची ट्रॉली इतकी खडखडत होती, की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. ओढ्यानंतर थोडं पुढं गेलो, आणि प्रसेनजीत मला काहीतरी ओरडून सांगायला लागला. मी म्हटलं, "वरडतोस का? ऐकू येतंय मला."

तो थांबला.

आवाज नव्हता. इंजिनाचा होता, मागचा नव्हता. मी म्हटलं, रस्ता नवा केला असेल. रस्ता कसला नवा, मडगार्डवर माझं कंबरडं मोडत होतं, खड्ड्यागणिक मी उडत होते. मागची ट्रॉली मात्र त्याच खड्ड्यांतनं अशी येत होती, जशी वरात उशिरा पोचावी म्हणून सावकाश आणतात.

मी वळून बघितलं. ट्रॉली मोकळी होती.

५

गडहिंग्लज ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला पाच-सहा बायका उभ्या होत्या, डोक्याला फडकी, हातात खुरपी. काम संपवून घरला निघालेल्या. मोकळी ट्रॉली दिसली की हात करायचा आणि वर चढायचं, ही आमच्याकडची रीतच. त्यांनी लांबनं हात केला. प्रसेनजीतनं वेग कमी केला. तो कुणालाच नाही म्हणत नाही.

जवळ आलो तशी पुढच्या बाईनं वर केलेला हात खाली घेतला. बाकीच्या एक पाऊल मागं सरल्या. एसटी खच्चून भरलेली आली, की माणसं निमूट मागं सरतात, तशा.

"चला की, कुठं जायचंय?" प्रसेनजीतनं विचारलं.

"न्हाय ओ दादा, जावा तुमी," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "जागा कुठं हाय?" आणि शेजारणीला, "थांब गं, मागनं दुसरी येतीया का बघू."

घाबरली नव्हती. थट्टाही करत नव्हती. तिला ते बघून फक्त कंटाळा आला होता.

मी म्हटलं, उन्हात काम करून डोळे दिपले असतील. प्रसेनजीतनं गिअर टाकला.

पुढं एका हॉटेलापाशी पाणी प्यायला थांबलो. मी काठी टेकत मागं गेले. चाकांवरचे पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या वाकड्या पट्ट्या, सपाट झालेले. टायर खाली फुगून रस्त्यावर पसरलेले, पुरा ऊस भरल्यावर पसरतात तसे. तेव्हा मला रागच आला. कळलं मला सगळं. त्या बनियनवाल्यानं तळाला दुहेरी पत्रा मारून आत वाळू भरली असणार, वजनदार, भक्कम ट्रॉली म्हणून आमच्या गळ्यात मारायला. तिथं मी पाटे नीट बघितले नसतील. मी दगड उचलला आणि खालनं पत्र्यावर हाणला.

पोकळ पत्रा घंटेसारखा वाजतो. हा वाजला नाही. धप्प झालं. भरल्या रांजणावर मारल्यागत.

"वाळू हाय आत," मी ओरडून म्हटलं. "हिकडं ये, बघ."

"आसंल," प्रसेनजीत पुढनं म्हणाला. तो आला नाही.

तेवढ्यात घरनं फोन आला. संघप्रिया, माझी नात, दुसरीत आहे. तिनं म्हणे सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. "आजी, नव्या ट्रॉलीत पहिली मी बसणार. कुणाला चढू देऊ नका हं."

"न्हाय चढू देत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

६

उत्तूरच्या अलीकडं चढ लागतो. तिथं रस्ता टेकडी कापून काढलाय, उजव्या हाताला तांबड्या मातीची उभी दरड. ऊन डावीकडनं येत होतं. आमची सावली त्या दरडीवर पडली, सिनेमाच्या पडद्यावर पडावी इतकी स्वच्छ.

मी सावलीकडं बघत होते, कारण मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. का ठरवलं होतं, ते स्वतःला विचारलं नव्हतं.

ट्रॅक्टरचं धुराडं दिसलं. प्रसेनजीतचं डोकं दिसलं, टोपीसकट. माझं डोकं, पदर उडणारं. त्याच्यामागं ट्रॉली. तिच्या फाळक्याची वरची कड सरळ दिसायला हवी होती. पट्टीनं आखल्यासारखी.

ती सरळ नव्हती.

मी म्हटलं, ताडपत्री. आम्ही ताडपत्री आणलेली नव्हती. मी म्हटलं, दरडीतले दगड, मातीचे उंचवटे. पण दरड मागं जात होती आणि ते उंचवटे आमच्याबरोबर येत होते. गोल, सारख्या अंतरावर, पुढच्या टोकापासनं मागच्या टोकापर्यंत. रस्ता वळला तेव्हा सगळे एकदम एका बाजूला कलले आणि परत सरळ झाले, गाडीत बसलेली माणसं कलतात तसे.

इंजिन रडत होतं. पुढची चाकं हलकी पडून स्टेअरिंग हातात नाचत होतं. मागं ओझं फार झालं की ट्रॅक्टर असं करतो.

मग रांगेतला एक उंचवटा खाली वाकला आणि शेजारच्याच्या कानाला लागला. काहीतरी सांगितलं असावं. कारण ते पुढं गेलं, एकाकडनं दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडनं तिसऱ्याकडं, पार ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला आलं, माझ्या पाठीपाशी. तिथला जो होता तो हळूहळू उठून उभा राहिला. दरडीवर त्याची सावली माझ्या सावलीपेक्षा उंच झाली आणि तिच्यावर वाकली.

मी हात लांबवून इंजिन बंद करायचा दांडा ओढला. ट्रॅक्टर धक्का देऊन थांबला. प्रसेनजीतनं घाईनं ब्रेक दाबून धरला. मी उडी मारून खाली उतरले. ह्या वयात उडी मारली, गुडघ्याची खबर नंतर घेऊ. सरळ पुढं चालत गेले आणि ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभी राहिले. ब्रेक अडकवून तो मागोमाग आला आणि म्हणाला, "आता काय झालं?"

मी म्हटलं, "पिन काढ."

७

काय बघितलं ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि त्याला हसायला मीच शिकवलं होतं. अंधारात काही नसतं रे, उजेडात काय असतं ते बघायला शीक, असं म्हणत मी हे पोर वाढवलंय. आता कोणत्या तोंडानं सांगू?

"तू जा म्हटलीस म्हणून मी जाणार न्हाय," तो म्हणाला. "ट्रॉली घरात न्हेणार. वाळू आसली तर पत्रा फाडून काढू. त्यात काय?"

"वाळू न्हाय ती."

"मग काय हाय?"

मी पदर खोचला.

"तूच सांगत आलीयास न्हवं, आये? भूत न्हाय, देव न्हाय, काय न्हाय. आणि आता भर रस्त्यात पिन काढ, पिन काढ. लोकं हसत्यात. झुंबरबाईला खुळी म्हणालीस, मग तू कोण?"

चांगला बोलला. तेवढं मी त्याला देईन. दुसरी कुठली वेळ असती तर मला अभिमानच वाटला असता. पण माझ्या डोळ्यांपुढं ती दोन रांगांमधली तांबूस, गंजकी पट्टी होती. कडेच्या जागा भरल्या होत्या. मधली मोकळी होती. एखादं लहान पोर उभं राहील एवढी. आणि रात्री उशिरा का होईना, आम्ही दारात पोचलो असतो, आणि ते पोर फ्रॉक आवरत चाकावर पाय ठेवून वर चढलं असतं.

"पिन काढायला कितीसा वेळ लागतो?" मी म्हटलं. "मागं जा, काढ आणि मला खोटी पाड. मग पुन्हा घाल."

तो हलला नाही.

तेव्हा मी त्याच्याकडं नीट बघितलं. ट्रॉली ओढणाऱ्या ड्रायव्हरची मान कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे, दर फर्लांगाला मागं वळणारी. ट्रॉली येते का, पिन सुटली का, चाक बसलं का. झोपेतही वळते ती मान. प्रसेनजीतची मान त्या बायका भेटल्यापासनं एकदाही वळली नव्हती. हॉटेलापाशी तो पुढच्या चाकाजवळच उभा राहून पाणी प्याला होता. आताही बॉनेटला पाठ घट्ट लावून होता, भिंतीला लावावी तशी. त्याच्या खांद्यावरनं मला मडगार्डचा आरसा दिसत होता, मागचं दिसावं म्हणून बसवलेला. तो त्यानं कधी उलटा, पुढं तोंड करून फिरवला होता कुणास ठाऊक. आरशात नुसतं आभाळ होतं.

"मोकळी हाय ती, आये," तो म्हणाला. "मोकळी ट्रॉली हाय. कोण न्हाय तिच्यात."

कोण न्हाय, म्हणाला. मी कुणी आहे असं म्हटलंच नव्हतं.

त्याच्या मागं, लांब, तारेनं बांधलेला फाळका एकदा वाजला. आतनं कुणी हात टेकून उठावं तसा. प्रसेनजीतचे डोळे माझ्या डोळ्यांवरनं हलले नाहीत.

"मोकळी हाय," तो परत म्हणाला.

मी म्हटलं, "हेच तोंड तिकडं करून म्हण."